शांतिगीतातल्या सासूबाई

कॉलेजच्या रेडिओवर शनिवारी दुपारी जुन्या तबकड्या लावायचं काम दीपा देवस्थळीकडे होतं. त्या कामातच एके दिवशी तिला स्वतःच्या आईचा आवाज सापडला.

साल अठ्ठ्याऐंशी, ऑक्टोबर महिना. शिकागोच्या त्या कॉलेजात वीस वर्षांपूर्वीच्या पेटलेल्या सालाची आठवण करायचं घाटत होतं. अडुसष्टातली पोस्टरं, अडुसष्टातले सिनेमे, कविता, गाणी, असा भरगच्च कार्यक्रम. तो ठरवणारे प्रोफेसर हॉलोवे पिकल्या केसांची बारीक वेणी घालत आणि 'क्रांती' हा शब्द उच्चारताना डोळे मिटत. त्यांनी दीपाला त्या सालातल्या रेकॉर्डी शोधायला सांगितलं. कपाटाच्या तळाशी तिला 'विंटर लाँड्री' नावाच्या गिटारवाल्या मंडळींची एकुलती एक तबकडी मिळाली. तिच्यावरचं एक गाणं होतं 'ग्रेट मदर'. आधी गिटार, मग खाली कुठेतरी दगडावर दगड आपटल्यासारखा ठेका, आणि त्या ठेक्यावर एका बाईचा कोवळा, किंचित रागावलेला आवाज. चक्क मराठीत. कव्हरवर छापलं होतं, 'गायन: हिमालयातील एक योगिनी'.

संध्याकाळी घरी आल्या आल्या दीपाने विचारलं, "मॉम, तू कधी हिमालयात होतीस?"

सुचित्रा कढी ढवळत होती. "मी गं? मी कराडची. महाबळेश्वरच्या पलीकडे डोंगर पाहिला नाही."

"देन व्हाय डझ द रेकॉर्ड से सो?"

डाव कढीतच थांबला.

"कुठली रेकॉर्ड?" असं सुचित्राने विचारलं खरं, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एकोणीस वर्षांच्या मुलीला आईच्या कानांच्या पाळ्या वाचता येतात.

"आय न्यू इट! इट्स यू! मला फक्त तीन शब्द कळले, सासू, बर्फ आणि दगड. व्हेरी डीप. प्रोफेसर हॉलोवे म्हणतात, आदिमातेचं स्तोत्र आहे. त्यांनी त्यावर पेपर लिहिलाय."

"सासू म्हणजे काय ते त्यांना सांगितलंस?"

"आय सेड मदर. क्लोज इनफ, राइट?"

दीपाचे बाबा, गुरुदत्त देवस्थळी, तेव्हा सोफ्यावर पेपर वाचत होते. माणूस पुलांचा इंजिनियर. अडुसष्टात सगळं जग रस्त्यावर उतरलं होतं तेव्हा हे प्रयोगशाळेत काँक्रीटच्या ठोकळ्यांना पाणी घालत होते. खालच्या मजल्यावरच्या गिटारवाल्या पोरांना ते 'ती केसाळ' म्हणत आणि जिन्यात अंग चोरून जात. आता मात्र त्यांनी पेपर खाली टाकला.

"म्हणजे आपली सुचित्रा रेकॉर्डवर आहे? अगं, बोलली नाहीस कधी!"

"त्यात काय बोलायचं! पोरांनी गा म्हटलं, मी गायले."

"स्तोत्र गायलीस! देवीचं! त्या धुमाळीत!" गुरुदत्त उठून फोनकडे निघालेही. "बाळ साठ्याला सांगतो. कांचनला सांगतो. महाराष्ट्र मंडळाची सगळी माणसं यायला पाहिजेत."

आतल्या खोलीतून टीव्हीवरच्या कुस्तीचा गलका येत होता. तो बंद झाला आणि मालिनीबाई दारात आल्या. गुरुदत्तांच्या आई. वय बहात्तर. नऊवारी साडी, वर मुलाचा जुना स्वेटर. ही अमेरिकन कुस्ती निव्वळ लटकी आहे असं त्या रोज सांगत आणि एकही चुकवत नसत.

"कसलं स्तोत्र?" त्यांनी विचारलं.

"आई, हिने देवीचं स्तोत्र गायलंय. रेकॉर्ड आहे! कॉलेजात लावणार आहेत."

"हिने?" मालिनीबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. "हिला आरतीची दोन कडवी धड येत नाहीत."

"आई, तुम्ही नका येऊ बरं," सुचित्रा घाईने म्हणाली. "खूप वेळ बसावं लागतं. तुमचे गुडघे…"

"देवीचं आहे ना? मग देवी बघून घेईल गुडघ्यांचं. मी येणार."

आणि कढी उतू गेली.

*

आता सांगायला हवं की सुचित्रा एवढी का घाबरली.

सदुसष्टच्या डिसेंबरात लग्न, जानेवारीत विमान. सांताक्रूझला निघण्याआधी मालिनीबाईंनी सुनेची पेटी उघडली. वजन वीस किलो, वर एक तोळा चालणार नव्हता. त्यांनी सुनेचा लग्नातला अंजिरी शालू काढला, आणखी तीन भारी साड्या काढल्या आणि त्यांच्या जागी मेतकूट, भाजणी आणि एक दगडी खलबत्ता ठेवला. "बाळाला दाण्याचं कूट लागतं," एवढंच म्हणाल्या. बाळ म्हणजे पावणेसहा फूट उंचीचे गुरुदत्त. सून विमानभर रडली, आणि बाळाला वाटलं हिला माहेर आठवतंय.

मग शिकागो. खिडकीला बर्फाचा पडदा, नवरा सकाळपासून काँक्रीटपाशी, बोलायला भिंत. सुचित्रा जमिनीवर खलबत्ता मांडून दाणे कुटायला बसे, आणि कुटता कुटता तिच्या तोंडात ओव्या येत. तिच्या आजोळी जातं होतं, ओव्या कानावर पडून पडून रक्तात मुरलेल्या. पण या ओव्या जुन्या नव्हत्या. या तिच्या स्वतःच्या होत्या, ताज्या, तिखट, आणि सगळ्या एकाच व्यक्तीवर.

एकदा खालची पोरं दार वाजवत आली. तिला वाटलं, आवाजाची तक्रार आहे. तर ती टेपरेकॉर्डर घेऊन आलेली. तो ठेका त्यांना छतातून ऐकू येत होता आणि त्यांना तो हवा होता. "कशाबद्दल आहे गाणं?" एकाने विचारलं. सुचित्राचं इंग्रजी तेव्हा हिशेबाने वापरायची चीज होती. 'मदर' एवढं ती म्हणाली. पुढचं 'इन लॉ' जोडायला तिला भीड वाटली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर दोन-चार वेळा भारतात जाणं झालं. शालूचं नाव दोघींनीही काढलं नाही. सुचित्राने मनाशी पक्कं धरलं होतं की तो नणंदेच्या, सुमेधाच्या, अंगावर गेला. आणि विचारणार कोण?

पण हे सगळं जुनं. भीती जुन्याची नव्हती. मागच्या वर्षी सासरे गेले आणि या मे महिन्यात मालिनीबाई सहा महिन्यांसाठी इकडे आल्या. त्या येणार म्हणताच सुचित्राने महिनाभर आधी डोकं धरलं होतं. आणि झालं भलतंच. सकाळी दोघी चहा घेत शेजाऱ्यांच्या कुत्र्याला नावं ठेवू लागल्या. दुपारी मालिनीबाई तिला कुस्तीतले डाव समजावू लागल्या. सुचित्रा नोकरीवरून आली की दार उघडायला कुणीतरी असे, आणि ते कुणीतरी म्हणे, "आलीस? आज तोंड का एवढंसं?" वीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. गुरुदत्त आईला 'इथेच राहा' म्हणत होते, त्या 'बघू' म्हणत होत्या. परतीचं तिकीट नोव्हेंबरातलं होतं. सुचित्राला त्या राहायला हव्या होत्या. मनापासून हव्या होत्या. आणि आता भर सभेत त्यांना ऐकू येणार होतं की ही सून आपल्याला काय म्हणत होती.

*

"अगं मग चांगलंच आहे की!" कांचन म्हणाली. दोघी डेव्हन ॲव्हेन्यूवर वाण्याच्या दुकानात भेंडी निवडत होत्या. कांचन मूळची नागपूरची, इथे दातांची डॉक्टर. दुसऱ्याची अडचण दिसली की तिचे स्वतःचे दात आधी दिसत. "सासूला तोंडावर बोलायची कुणाची हिंमत होत नाही, तू रेकॉर्ड काढलीस. अडुसष्टात क्रांती म्हणजे हीच."

"हसू नकोस गं. आईंना कळलं तर पुढच्या विमानाने जातील."

"मग पाठव ना त्यांना दुसरीकडे. आजारी पाड."

"त्या आजारी? काल बर्फ खरवडायचं फावडं बघून आल्या. म्हणाल्या, मूठ बरी नाही."

"बरं, दीपाला सांग दुसरी बाजू लाव म्हणून."

सुचित्राने तेही केलं. पार्किंगमधल्या फोनवरून दीपाला गाठलं. "अगं, ते गाणं खराब आहे. दुसऱ्या बाजूचं लाव."

पलीकडून दीपाचा थरथरता आवाज. "मॉम. दॅट्स सेन्सॉरशिप. अडुसष्टात लोकांनी यासाठी लाठ्या खाल्ल्या?"

कांचन भेंडीच्या पिशवीवर डोकं टेकवून हसत राहिली.

"एक सांगू का?" शेवटी डोळे पुसत ती म्हणाली. "तूच आधी सांगून टाक ना घरी."

"कसं सांगू? 'आई, चहा घ्या, आणि मी तुम्हाला टाचणी म्हटलं होतं' असं?"

"टाचणी म्हटलंस?" कांचनचे पुन्हा सगळे दात दिसले. "मी पुढच्या रांगेत बसणार."

*

कार्यक्रमाला मंडळाचे लोक वेळेवर आले, म्हणजे अर्धा तास उशिरा, थर्मास घेऊन. भिंतींवर पोस्टरं होती, वितळलेल्या मेणासारखी अक्षरं. बाळ साठे, गुरुदत्तांचे मित्र, त्या पोस्टरांपुढे मान वाकडी करकरून दमले. "वाचता येऊ नये म्हणूनच क्रांती फसली," ते म्हणाले.

मग सिनेमा झाला. एक माणूस बूट घालतो आणि काढतो, एवढाच.

"याचे पाय मोठे आहेत की बूट लहान?" मालिनीबाईंनी नातीला विचारलं.

"आजी, इट्स अबाउट द वॉर."

"मग मोजे तरी घालायचे."

एका टकल्या कवीने आपल्या तेव्हाच्या केसांवरची कविता वाचली. ती ऐकताना मात्र सगळेच थोडे हळवे झाले, मंडळाचे लोकसुद्धा, कारण टक्कल कळायला भाषा लागत नाही.

आणि मग प्रोफेसर हॉलोवे उभे राहिले. ते म्हणाले, आता आपण एक प्राचीन प्रार्थना ऐकणार आहोत. जगाचा हात सुटला होता तेव्हा एका अनाम योगिनीने पृथ्वीमातेला घातलेली ही साद आहे. आणि आज ती योगिनी आपल्यात आहे. टाळ्या झाल्या. गुरुदत्तांनी मान वळवून मागच्या तीन रांगांकडे पाहिलं. सुचित्राला वाटलं, या खुर्चीखाली एखादं भुयार असतं तर किती बरं झालं असतं.

सुई टेकली. गिटार, मग ठेका, धप्प, धप्प. आणि आवाज:

सासूबाईनं माझ्या गं, पेटी भरली निगुतीनं
शालू काढून ठेविला, दगड दिला ममतेनं

अमेरिकन श्रोत्यांनी डोळे मिटले. एक बाई हलकेच डोलू लागली. मंडळाच्या रांगेत मात्र एकेक डोळा उघडत गेला. बाळ साठ्यांनी खोकला काढला. कांचनने पदर तोंडात धरला.

लेकासाठी मेतकूट गं, लेकासाठी भाजणी
सुनेसाठी बोल सारे, टाचणीवर टाचणी

गुरुदत्तांचा चेहरा काँक्रीटचा ठोकळा झाला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे पाहायचं धैर्य होईना म्हणून छताकडे पाहिलं.

बर्फ पडे शिकागोला, चूल माझी गं विजेची
सासू सातासमुद्रापार, तरी भीती नजरेची

गाणं संपलं. प्रोफेसरांनी डोळे पुसले आणि हात पुढे करून म्हणाले, "प्लीज. आम्हाला सांगा, ही आई कोण आहे?"

सुचित्रा व्यासपीठावर कशी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. माइकपुढे उभी राहिली. समोर दोनशे माणसं होती, पण तिला एकच चेहरा दिसत होता, मुलाच्या स्वेटरातला. त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. पृथ्वीमाता, असं म्हणून टाकावं, बास. इंग्रजी वाक्य जिभेवर तयारही होतं. पण ते त्यांच्यासमोर म्हणायचं म्हणजे त्यांना भोळी समजायचं, आणि गेल्या पाच महिन्यांत हे एक तिला जमेनासं झालं होतं.

"ती…" सुचित्रा म्हणाली, मराठीतच. "ती तिथे बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. मालिनीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. दीपा धरायला गेली तर तिचा हात बाजूला सारला. सावकाश वर आल्या, सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"एकटीनं काय गातेस?" त्या म्हणाल्या. माइकला हे सगळं ऐकू जात होतं. "जात्याला समोर दुसरी लागते. एकीनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं. एवढं आजोळी शिकवलं नाही?"

"समोर कोण होतं, आई?"

"हं. ते खरं."

त्यांनी टेबलावर हाताच्या तळव्याने ठेका धरला, आणि जुन्या, फाटलेल्या, पण सुरात बसलेल्या आवाजात उचललं:

शालू ठेविला मी मागं, लेक निघाला परदेशी
शालूच्या गं ओढीनं तरी, सून येईल मायदेशी

सुचित्राचा हात तोंडाशी गेला. मालिनीबाई तिच्याकडे न बघता पुढे गेल्या, आता जरा मजेत:

वाट बघून गं थकला, कसर लागली शालूला
दगड मात्र टिकला बाई, शोभून दिसतो सुनेला

मंडळाच्या रांगांमधून जे हसू फुटलं ते थर्मास पडेपर्यंत थांबलं नाही. अमेरिकन मंडळीही हसली, का ते न कळता, आणि मग उभं राहून टाळ्या वाजवू लागली.

"दीपा, दीपा!" प्रोफेसर धावत आले. "त्या काय म्हणाल्या?"

दीपाने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. दोघी एकमेकींच्या पदराने डोळे पुसत होत्या. सगळं काही तिला कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं.

"इट्स अ कॉन्व्हर्सेशन," ती म्हणाली. "अबाउट लगेज."

प्रोफेसरांनी डोळे मिटले. "अर्थात," ते म्हणाले. "जन्मोजन्मीचं ओझं."

*

बाहेर ओसरीसारख्या लांबलचक दालनात कॉफी होती. गुरुदत्त दोन कप घेऊन दोघींच्या मधे उभे होते आणि कुणाला आधी द्यावा या पेचात होते.

"मला वाटलं, शालू सुमेधाताईंना दिलात," सुचित्रा म्हणाली.

"सुमेधाला? तिला अंजिरी शोभतो होय?" मालिनीबाईंनी मुलाच्या हातातला एक कप घेतला. "ट्रंकेत होता. दर दिवाळीला उन्हात घालत होते. पाच-सहा वर्षांपूर्वी कसर दिसली तशी पुन्हा उघडून बघितला नाही."

"मग सांगितलंत का नाही कधी?"

"तू विचारलंस का नाहीस? आणि काय सांगणार? पोराला म्हणणार, जाऊ नकोस? तुझे सासरे ऐकून घेणार होते? शालू होता हाताशी, तो धरून ठेवला." त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय पाणी आहे! आणि तुझी तिसरी ओवी पडलीय. वर दोन झणझणीत, आणि खाली एकदम रडू?"

"रडूच येत होतं, आई."

मालिनीबाईंनी स्वेटरच्या बाहीने सुनेचा गाल पुसला, जोरात, पोराचं नाक पुसावं तसा.

"आई, खरंच सॉरी," गुरुदत्त म्हणाले. "मला ठाऊक असतं तर मी हे…"

"तुला काय ठाऊक असतं? बायको रडत होती तेव्हा तू ठोकळे भिजवत होतास." मग सुनेकडे वळून, हलक्या आवाजात, "आणखी किती आहेत अशा?"

"कशा?"

"माझ्यावरच्या."

सुचित्रा लाजली. "असतील पुष्कळ. आठवाव्या लागतील."

"आठव. सगळ्या ऐकल्याशिवाय जायचं म्हणजे अर्ध्या कुस्तीतून उठायचं." त्यांनी कांचनला हाक मारली. ती अजून पदर सावरत होती. "अगं कांचन, इकडे ये. बर्फात घालायचे बूट बायकांच्या मापाचे कुठे मिळतात? नऊवारीवर बरे दिसतील असे बघ. घसरून पडले तर ही बया त्यावरही ओवी करेल."